घासून उमटवायची अक्षरं

छापखाना बंद झाला त्या आठवड्यात
रोझारियुच्या मुलाने एक फाईल हातात ठेवली,
"बाय, हें तुका. ना जाल्यार उडयतां."
आत लेट्रासेटचे पाच कागद,
तीन रोमी, दोन देवनागरी,
आणि एका कडेला एर्मेलिंदाच्या अंगठ्याचा
जुना काळा ठसा.

अक्षर निघून गेलं की कागदावर
त्याच्याच आकाराचं धुरकट काही राहतं.
ते वाचत बसले.
रोमी पानांवर एक्स एकही नाही.
साहेबाच्या देशात म्हणे ई आधी संपतो.
म्हापशात एक्स.
शेत, शीत, शेवट,
रोमी कोकणीत सगळ्यांना तोच लागतो.
देवनागरीत श्री संपलेला:
लग्नं, मुंजी, पतसंस्थेची वार्षिक सभा,
दशावताराचं हँडबिल,
ज्याने त्याने एकेक नेला.
ङ मात्र अख्खी ओळ. सहाच्या सहा.
तीस वर्षांत कुणी हाक मारली नाही.

दहावीचा निकाल लागायचा होता
त्या मे महिन्यात मी तिच्याकडे शिकले.
बॉलपेनच्या बंद टोकाने घासायची ती,
वरून खाली, आडवं कधीच नाही.
"सवकास. ओडूं नाका. येतलें तें."
अक्षराला पाठीवरूनच दाबायचं,
पुढून बोट लावायचं नाही.
काना वेगळा, वेलांटी वेगळी,
आणि शिरोरेषा केसभर चुकली
की शब्द दात पडल्यासारखा दिसतो.
परक्यांची निधनं ती अशी बसवायची
की ध हलत नसे न च्या शेजारून.

आता मी चित्रं करते. म्हणजे चिकटवते.
बेतीच्या फेरीचं स्कूटरचं तिकीट,
ऊर्राकच्या बाटलीभोवतीचा पेपर,
बोंडूच्या रसाने तांबूस झालेला,
नाताळच्या नक्षत्राचा फाटका निळा जिलेटिन.
त्यावर अक्षरं, पण वाचायला नव्हे.
ळ म्हणजे उघडलेली तिसरी, बिजागरीसकट.
सहा ङ ओळीने मांडले, झाली सुंगटं,
बाजूचा तो ठिपका, तो डोळा.
अक्षरं म्हातारी झालीत, घासलं की तडकतात,
म्हणून पान आधी पाच मिनिटं
गच्चीवरच्या उन्हात ठेवते.
तडकलेलीही टाकत नाही. खवले होतात.

शुक्रवारच्या बाजाराचं चित्र होतं ते.
खाली उजवीकडे जागा उरली
आणि मला तिचं नाव हवं झालं, वाचता येईल असं.
ए नव्हता. ऐ ची मात्रा ब्लेडने खरवडली.
रेफ नव्हता. रोमीतला सी आडवा घातला.
लि मिळाला, पण अनुस्वार?
संस्था, संचालक, संपर्क, सांत्वन,
सगळी टिंबं तिकडे खर्ची पडलेली.
शेवटी रोमी पानावरून पूर्णविराम काढला,
चौकोनी, जरा ठोसर,
ओळीच्या टोकाला जमिनीलगत राहायची सवय असलेला.
त्याला लि च्या डोक्यावर चढवलं.
पहिला माझ्या अंगठ्यालाच चिकटला,
दुपारभर माझ्याबरोबर हिंडला,
मिरच्या चाचपल्या, बसचं भाडं दिलं,
रात्री भात कालवताना सापडला.
दुसरा बसला.

चित्र घेऊन हळदोण्याला गेले.
ती तिथे लेकीकडे असते,
दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू.
म्हणाली, धर इथे.
आणि पुढूनच बोट फिरवलं,
स्वतः शिकवलेलं मोडून,
सुंगटांवरून, तिकिटाच्या भोकावरून,
नावावरून.
नख एका जागी थांबलं.

"हो त्या पानावेलो न्हय."

मी काही बोलले नाही.
लेक आत चहा गाळत होती.

"पूण बरो बसला," ती म्हणाली,
आणि बोट पदराला पुसलं.

पानावर अजून अकरा आहेत.
मेणकागद घालून ठेवलेत.